द्रोणमुख महाड : नीरेच्या उगमापलीकडच्या बंदरात एक दिवस

आपल्या ग्रंथकारांनी मनुष्यवस्तीची वर्गवारी मोठ्या बारकाईने केलेली आढळते. ग्राम, नगर, खेट, कर्वट, मडंब, पत्तन अशी नावे एकामागून एक येतात आणि त्यांत एक नाव असते द्रोणमुख. नवव्या शतकातील आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात नदीतीरावर वसलेल्या नगराला हे नाव दिले आहे. श्वेतांबर आगमांवरील भाष्यकारांनी आणि चूर्णिकारांनी त्याचा अर्थ आणखी नेमका केला : जेथे जलमार्ग आणि स्थलमार्ग दोन्ही पोहोचतात ते द्रोणमुख. उदाहरणादाखल ते नर्मदेवरचे भरुकच्छ, म्हणजे आजचे भरूच, आणि पूर्वेकडची ताम्रलिप्ती यांची नावे घेतात. साधूंनी विहार कोठे करावा हे सांगणाऱ्या ग्रंथांना बंदराची व्याख्या करण्याची गरज पडली, कारण साधूंचा श्रावक तेथे व्यापाराला बसलेला होता.

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या नातेपुत्यात बसून बंदराचा विचार कोणी करीत नाही. गावाची ओळख आषाढात ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्काम, शिंगणापूरच्या यात्रेची वर्दळ आणि शेजारचे दहिगावचे महावीरस्वामींचे क्षेत्र अशी आहे. पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी गुजरातेतून आलेली हुमड घराणी फलटण, नातेपुते, दहिगाव, अकलूज या पट्ट्यात स्थिरावली आणि धान्य, कापड, सराफी यांत रमली. समुद्र दूर राहिला. तरीही नातेपुत्याहून समुद्राकडे जाणारी एक वाट आहे, आणि ती नीरेला उलट धरून जाते. फलटण, लोणंद, शिरवळ, भोर, वरंधा घाट आणि घाटाखाली सावित्रीकाठचे महाड. सुमारे पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटरचा हा प्रवास पहाटे निघाल्यास एका दिवसात करून येता येतो. नातेपुत्याच्या पेठेतील भुसार मालाच्या एका जुन्या दुकानदार कुटुंबाने तो मागील मार्गशीर्षातल्या एका रविवारी केला.

त्यामागे केवळ हौस नव्हती. पालखी महामार्गाचे चौपदरीकरण झाले, गावाला बाह्यवळण मिळाले आणि पुण्याहून पंढरपूरकडे जाणारी वाहने पेठेत न शिरता बाहेरून जाऊ लागली. दुकान पेठेतच ठेवावे की बाह्यवळणाकडे न्यावे, यावर घरात वर्षभर बोलणे चालू होते. मुलाचे मत न्यावे असे होते. आजोबा पंचाहत्तरी ओलांडलेले; त्यांचे म्हणणे असे की गिऱ्हाईक पेठेला येते, रस्त्याला नव्हे. पुण्यात नोकरी करणारा नातू सुटीवर आला असता म्हणाला, “आजोबा, ज्या गावाचा रस्ताच गेला, असे गाव आपण एकदा पाहून तरी येऊ.” महाडचे नाव त्यानेच सुचविले.

निघण्यापूर्वी जिनमंदिरात दर्शन झाले आणि तेथेच आजोबांनी दिवसापुरते देशव्रत घेतले. श्रावकाच्या गुणव्रतांची सवय ज्या घरांत टिकून आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. दिग्व्रतात जन्मभरासाठी दिशांची मर्यादा घालायची. देशव्रतात ती मर्यादा थोड्या काळासाठी आणखी आखडती घ्यायची. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अशी मर्यादा कशाने आखावी हेही सांगितले आहे : समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, जनपद, योजने. म्हणजे लोकांना ठाऊक असलेल्या, डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा. आजोबांनी त्या दिवसाची पश्चिमेची आणि दक्षिणेची खूण सावित्रीचे पाणी ही धरली. नातवाच्या मनात बाणकोट आणि हरिहरेश्वरही होते. ते तेथेच बाद झाले.

शिदोरी आजीच्या हाताखाली रात्रीच सिद्ध झाली होती : दशम्या, मेथीचे ठेपले, खाकरे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळपापडी. पिण्याचे पाणी गाळून, उकळून घरूनच घेतले. कोकणात जाऊन तेथील हॉटेलात “कांदा-लसूण नको” असे सांगत बसण्यापेक्षा हा मार्ग बरा, हे आपल्यातील प्रत्येक सहलीला निघणाऱ्या गृहिणीला माहीत आहे. पहिला घास मात्र सूर्योदयानंतर, लोणंदच्या पुढे.

या रस्त्याचे खरे सौंदर्य भोरच्या पुढे उलगडते. नातेपुत्याच्या शिवारात नीरा उजव्या कालव्याचे पाणी खेळते. ते वीर धरणातून येते एवढे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. (महाडजवळच्या कोकण रेल्वेच्या स्थानकाचेही नाव वीर आहे, दोन्हींचा परस्परांशी संबंध नाही, पण घाटाच्या दोन्ही अंगांना एकच नाव भेटते याची गंमत वाटते.) भोरहून पश्चिमेस निघाले की नीरा देवघर धरणाचा जलाशय डाव्या-उजव्या वळणांनी बराच वेळ सोबत करतो. पुढे शिरगावच्या परिसरात नीरेचा उगम आहे. ज्या पाण्यावर घरचा ऊस, गहू आणि पर्यायाने दुकानाची उधारी-वसुली चालते, ते येथे एका लहानशा कुंडापाशी सुरू होते. आजी गाडीतून उतरल्या आणि काही वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. “एवढ्याशा पाण्यावर आपला सगळा तालुका?” एवढेच त्या म्हणाल्या. घाटमाथा येथून जवळच आहे. माथ्याच्या अलीकडचा पाऊस नीरा-भीमेतून पूर्वसमुद्राला जातो, पलीकडचा सावित्रीतून पश्चिमसमुद्राला. काही पावलांचे अंतर.

वरंधा घाट कावळ्या किल्ल्याला छेदून उतरतो. वाघजाईच्या देवळापाशी भज्यांची दुकाने आणि माकडे दोन्ही मुबलक. येथून खालच्या दरीत शिवथरघळ आहे. समर्थांच्या दासबोधाशी जोडलेले ते स्थान पाहायचे तर वेगळा वेळ काढावा लागतो. रायगडाचेही तसेच. महाडपासून तो पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे म्हणून एकाच दिवसात उरकून टाकण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. गड दमून पाहू नये, आणि बाजार घाईने.

महाड सावित्री आणि गांधारी यांच्या बेचक्यात वसलेले आहे. सावित्री महाबळेश्वरी उगम पावते आणि बाणकोट व हरिहरेश्वर यांच्या मध्ये समुद्राला मिळते. समुद्र गावापासून बराच दूर, तरी भरतीचे पाणी खाडीतून आत चढत येते आणि त्याच पाण्यावर स्वार होऊन लहान गलबते, मचवे, पडाव महाडच्या धक्क्यापर्यंत येत. मोठ्या जहाजांना खाली दासगावला थांबावे लागे. नदीवरच्या बंदराचे घड्याळ असे दिवसातून दोनदा चालत असे : भरतीला यायचे, ओहोटीला निघायचे, मधल्या वेळात चढउतार.

घाटावरून बैलांच्या पाठीवर धान्य, गूळ, मिरची उतरायची. वर जाताना त्याच बैलांवर मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी लादली जायची. मीठ हा त्यातला सर्वांत निकडीचा माल. देशावरच्या प्रत्येक घराला तो लागे आणि देशावर तो पिकत नसे. शिवछत्रपतींना त्याचे मोल पुरते ठाऊक होते. इ.स. १६७१ मधील त्यांच्या एका पत्रात, पोर्तुगीज मुलखातील बारदेशचे मीठ स्वस्त पडते म्हणून व्यापारी तिकडे वळतील आणि स्वराज्यातील मिठाचा धंदा बसेल, यासाठी त्या मिठावर जबर जकात बसवावी अशी आज्ञा आहे. आयात मालावर कर लावून घरचा धंदा राखण्याचा हा विचार वाचून आजचाही व्यापारी मान डोलावील. राजधानी रायगडावर असताना तिच्या पायथ्याच्या मुलखात ही बंदरपेठ असणे, हा काही योगायोग नव्हता.

पुढच्या काळातही महाडने राजकारणे पाहिली. इ.स. १७९६ मध्ये नाना फडणविसांचा मुक्काम येथे होता आणि निजामाशी झालेला तह महाडच्या नावाने ओळखला जातो. इ.स. १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांकडून पराभव झाल्यावर दुसरा बाजीराव पळाला तो याच बाजूला आला, येथून समुद्रमार्गे वसईस गेला आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी इंग्रजांशी तह करून बसला. नदीच्या मुखावरचे बाणकोट तर इ.स. १७५६ पासूनच इंग्रजांच्या हातात होते. मुख ज्याच्या ताब्यात, त्याला वरच्या बंदराची किल्ली वेगळी मागावी लागत नाही.

बंदराचा हंगाम नारळी पौर्णिमेनंतर सुरू होई आणि ज्येष्ठात मिटे. मधल्या पावसाळ्यात गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारलेली असत. हे गणित आपल्याला ओळखीचे आहे. साधूंचा चातुर्मास, बंदराची बंदी आणि घाटातल्या तांड्यांची विश्रांती, तिन्ही एकाच पावसाने ठरविलेली. पूर्वीच्या श्रावक व्यापाऱ्याला पर्युषण गावी, घरी आणि मुनिसान्निध्यात करता येई, त्याचे एक कारण हेही असले पाहिजे.

आता धक्का शोधावा लागतो. नदीत गाळ साचत गेला, घाटांतून गाडीरस्ते झाले, मुंबई-गोवा मार्गावर मोटारी धावू लागल्या, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण लांबीने सुरू झाली तेव्हा तर जलवाहतुकीचा प्रश्नच उरला नव्हता. पण ज्याला मेलेले गाव पाहायचे होते त्या नातवाची निराशा झाली. महाडची बाजारपेठ रविवारीही गजबजलेली होती. औद्योगिक वसाहत, रायगडला जाणारे प्रवासी, आसपासच्या खेड्यांची खरेदी, तालुक्याची कचेरी यांवर पेठ उभी आहे. सुक्या मासळीची गल्ली मात्र तशीच आहे. आजीने पदर नाकाला लावला आणि कुटुंब दुसऱ्या बोळातून पुढे गेले. बंदराची ही बाजू आपल्या घरांना कधीच मानवली नाही आणि तसे म्हणण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

एका किराणा दुकानात आमसुले आणि श्रीवर्धनची रोठा सुपारी घेताना बोलणे वाढले. दुकानदार साठीचे, मूळचे महाडचेच. त्यांनी दुकानाच्या आतल्या भिंतीवर, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, खिळ्याने ओढलेली रेघ दाखविली. ती २०२१ च्या जुलैची. २२ जुलैच्या त्या महापुरात महाबळेश्वरच्या डोंगरातून आलेले पाणी आणि समोरून चढणारी भरती यांच्या मध्ये गाव सापडले. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. ज्या भरतीने गलबते आणली तीच पुराचे पाणी अडवून धरते, हे महाडकरांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. पाच वर्षांपूर्वी, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, महामार्गावरचा सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला होता आणि त्याबरोबर प्रवाशांनी भरलेल्या एस.टी. गाड्याही. नवा पूल पुढच्याच वर्षी जूनमध्ये खुला झाला.

“मालाचे जाऊ द्या,” दुकानदार म्हणाले, “वडिलांच्या हातची खतावणी होती. तिचा लगदा झाला.”

आजोबांनी विचारले, “मग दुकान वर कोठे हलविले नाही?”

दुकानदारांनी त्यांना मागील दारी नेले. मागे एक रुंद, आता वापरात नसलेले दार होते आणि खाली उतरणाऱ्या चार दगडी पायऱ्या. “शेठ, हे आमचे पूर्वीचे पुढचे दार. आजोबांच्या वेळी माल नदीच्या बाजूने यायचा. फळ्या, गादी, तराजू सगळे इकडे तोंड करून. वडिलांनी रस्त्याच्या बाजूची भिंत फोडली आणि गादी फिरवून घेतली. जागा तीच. आता पुराचा हिशेब करून वरचा माळा बांधला आहे. आषाढ लागला की साखर आणि डाळी वर.” आजोबा त्या पायऱ्यांवर काही वेळ उभे राहिले. पायऱ्या दोन्ही बाजूंनी झिजलेल्या होत्या, मधोमध नव्हे. हमालांची चढती आणि उतरती रांग वेगळी असावी, असे त्यांनी मुलाला दाखविले. दुकानाच्या जागेविषयी मात्र ते काही बोलले नाहीत.

महाडला जाऊन चवदार तळे न पाहता परतणे योग्य नाही. गावाच्या मध्यभागी असलेल्या या तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओंजळीत घेतले. मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये बोले यांचा ठराव झाला होता, नगरपालिकेनेही तळे सर्वांना खुले केल्याचे ठरविले होते. तरी प्रत्यक्षात पाणी घेऊ देण्यात आले नव्हते. दावा पुढे दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने निकाल लागला. या लढ्याचा बंदराशीही संबंध आहे. १९२७ च्या डिसेंबरातील दुसऱ्या परिषदेसाठी मोटारवाल्यांनी प्रतिनिधींना नेण्याचे नाकारले, तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचे सोबती ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले, दासगाव बंदरी उतरले आणि तेथून पायी महाडला आले. रस्त्याने नाकारलेली माणसे नदीने आणली.

आजी तळ्याच्या काठावर बराच वेळ बसल्या. त्यांच्या माहेरी विहिरीचे पाणी गाळल्यावर गाळण्यात उरलेली जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत, पोहऱ्याने अलगद खाली नेऊन सोडण्याची रीत होती. ज्या पाण्याचे जीव, त्या पाण्यात. “आम्ही जिवाणीची इतकी काळजी केली,” त्या सुनेला म्हणाल्या, “आणि माणसाला पाणी नाही म्हणणाऱ्या गावांत आपलीही घरे होतीच की.” सुनेने उत्तर दिले नाही. नातवंडांपैकी धाकटीने शिल्पांखालची अक्षरे वाचून झाल्यावर तारीख वहीत लिहून घेतली.

दुपारचे जेवण तेथून जवळ एका शाळेच्या ओट्यावर झाले, आणि गाडी गांधारपाल्याकडे वळली. महामार्गालगतच्या डोंगरात सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील. चढ फार नाही, तरी गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी. कोनात उभे राहिले की खाली गांधारी, सावित्री आणि दोन्हींच्या मधले गाव एका दृष्टीत येते. बंदर कोठे असेल याचे उत्तर नकाशापेक्षा येथे लवकर मिळते. येथील शिलालेखांत एका श्रेष्ठींच्या घराण्याने लेणे दान दिल्याची नोंद आहे. व्यापारी कोणत्याही धर्माचा असो, कमाईचा काही भाग तो डोंगरात कोरून ठेवतो ही रीत जुनी. वेरूळ आणि धाराशिव येथील आपली लेणी पाहिलेल्यांना येथील साधेपणा जाणवेल, पण पाण्याची टाकी कोठे खोदावीत याची जाण तीच आहे.

दासगावला केवळ अर्धा तास मिळाला. ओहोटी होती. चिखलात रुतून बसलेल्या दोन होड्या, तिवरांची झुडपे आणि दूरवर जाणारे राखाडी पाणी. नातवाने पलीकडच्या तीराकडे बोट दाखवून विचारले, “आजोबा, होडी मिळाली तर पलीकडे पाय लावून यायचे का? पाच मिनिटांचे काम.”

“तू जा. माझे व्रत ऐलतीरापर्यंत आहे.”

तोही गेला नाही.

साडेतीनच्या सुमारास परतीची वाट धरली, कारण घाट उजेडी चढायचा आणि संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी व्हायचे. पौष-मार्गशीर्षात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. ज्यांच्या घरी रात्रिभोजनत्याग आहे त्यांनी महाडहून चारनंतर निघू नये. माथ्यावर पोहोचून शिरगावच्या अलीकडे गाडी थांबवून उरलेल्या दशम्या संपविल्या, आजोबांनी शेवटचे पाणी घेतले आणि त्यानंतर अंधार पडला.

गाडीत बोलणे सुरू झाले ते मात्र इतिहासाचे नव्हते. निघताना महाडच्या दुकानदारांनी सहज विचारले होते की तुमच्याकडची शाळू ज्वारी थेट मिळेल का. त्यांच्याकडे येते ती दोन हात फिरून येते आणि भाव वाढतो. आजोबांनी ज्वारीचा भाव सांगितला होता, भाडे सांगितले नव्हते. भोर ते लोणंद हा सगळा रस्ता भाड्याच्या हिशेबात गेला : छोट्या टेम्पोत किती पोती बसतील, परतीला रिकामे यायचे की आमसुले, सुपारी आणि नारळ भरून आणायचे, घाटातल्या वळणांना किती वजन झेपेल. मुलगा म्हणाला की परतीचा माल मिळाला तरच परवडेल. नातवाने आकडे मोबाइलवर मांडले. आजोबांनी मांडले ते मनात, आणि दोघांचा मेळ पाच रुपयांच्या फरकाने बसला.

“गोदामाचे दुसरे दार बाह्यवळणाकडे पाडले तर टेम्पो आत यायला लागणारच नाही,” मुलगा हळूच म्हणाला.

“गादी पेठेकडेच राहील,” आजोबा म्हणाले. “दार पाड.”

पुढच्या आठवड्यात नमुन्याची दोन पोती रवाना झाली. पुढील माल वैशाखाच्या आत पोहोचविण्याचे ठरले आहे; अलीकडच्या वर्षांत दरडींमुळे वरंधा घाट पावसाळ्यात वाहतुकीस बंद ठेवला जातो, आणि ज्यांना ही सहल करावयाची आहे त्यांनीही घाट सुरू असल्याची भोर किंवा महाडला आधी चौकशी करूनच निघावे.